मेविसबाई गाडी विकतात

गेल्या मे महिन्यात मेविसबाई हॉब्लींनी समोरच्या खिडकीतून हात करून मला बोलावलं. "तुझा तो कॉम्प्युटर घेऊन ये, पोरी. गाडी विकायची आहे. जाहिरात लिहून दे."

पोरी म्हणजे मी, बावन्न वर्षांची. पण त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या, आणि आमचा शेजार सव्वीस वर्षांचा, त्यामुळे चालतं.

त्यांची गाडी आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. दोनच माणसांची, कापडी टप मागे पाडता येणारी, गडद हिरवी एम.जी., पासष्ट सालची. इथे ऑक्सफर्डजवळ, ॲबिंग्डनमध्येच बनलेली. कारखाना ऐंशी साली बंद झाला, पण अजून गावातल्या प्रत्येक दुसऱ्या घरातला कुणी ना कुणी तिथे कामाला होता. मेविसबाई स्वतः शिलाई खात्यात होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी सीटांची कव्हरं शिवली. त्यांचे यजमान सिरिल दारं बसवायचे. दोघं सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, स्वतःची एकही नव्हती.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. त्यांनी आल्याची बिस्किटं पुढे सरकवली आणि सांगायला लागल्या.

"लिही. टप गळतो."

"सुरुवातच तिथून?"

"मग कुठून? घेणारा घरी पोचायच्या आत पाऊस येणारच आहे, तेव्हा कळेलच त्याला. पुढे लिही. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. पेट्रोलचा काटा थापा मारतो, अर्धी टाकी दाखवली तर पाव समजायची. डावं दार आपटल्याशिवाय लागत नाही."

"मेविसबाई, असं लिहिलं तर कोण येईल?"

"ज्याला गाडी हवी तो येईल. ज्याला मिरवायला खेळणं हवं तो येणार नाही. तेवढाच माझा चहा वाचेल."

"काहीतरी चांगलं पण लिहू ना."

त्यांनी थोडा विचार केला. "सीटा चांगल्या आहेत. मी शिवल्यात."

विकण्याचं कारण त्यांचा खुबा. ही गाडी इतकी बुटकी की त्यात बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं. "आत जाता येतं ग," त्या म्हणाल्या, "बाहेर यायला दोन माणसं लागतात. गेल्या मंगळवारी त्यातला एक पोस्टमन होता. बिचाऱ्याची सगळी पत्रं बागेत सांडली." सप्टेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर वर्षभर तरी क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि उभी राहिलेली गाडी आतून मरते, हे मेविसबाईंना कुणी सांगायला नको होतं.

मी विचारलं, "ही गाडी आली कशी तुमच्याकडे?" मला थोडंफार माहीत होतं, पण बरंचसं नव्हतं. त्या दिवशी जाहिरात अर्धीच राहिली.

सिरिल अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले. कारखाना गेल्यावर ते अठरा वर्षं एका शाळेत शिपाई होते. मेविसबाईंची कल्पना अशी की आता दोघांनी मिळून कुठेतरी समुद्रकाठी महिनाभर जाऊन राहायचं. तशी बोलणीही झालेली. आणि निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात सिरिल वॉन्टेजजवळच्या एका शेतावरून ट्रेलरवर घालून एका गाडीचा सांगाडा घेऊन आले. त्या सांगाड्यात कोंबड्या राहत होत्या. दाराखालचा पत्रा हाताने सोलता येईल असा गंजलेला, आणि एका सीटवर तीन अंडी.

"अंडी बरी होती," मेविसबाई म्हणाल्या. "ऑम्लेट केलं."

पण खरा राग त्याचा नव्हता. गाडीला जागा करायला सिरिलनी गॅरेजमधलं त्यांचं शिलाईचं टेबल उचलून बागेतल्या टपरीत नेऊन टाकलं. न विचारता. टपरी ओली. जूनपर्यंत टेबलाची फळी फुगली.

"मी त्याला म्हटलं, सिरिल, तू सवत आणलीस ते आणलीस, पण माझा पाट काढून तिला दिलास. आता तू आणि ती. मी त्या गॅरेजात पाय ठेवणार नाही."

आणि नाही ठेवला. सात वर्षं. रोज अकरा वाजता आणि चार वाजता त्या चहाचा कप गॅरेजच्या खिडकीच्या कठड्यावर बाहेरून ठेवायच्या, काचेवर दोनदा टकटक करायच्या आणि परत यायच्या. सिरिल चहा पिऊन रिकामा कप तिथेच ठेवायचे. जेवताना गाडीचा विषय काढायचा नाही. भांडण असं नव्हतं. बीन्स यंदा कशा आल्या, चर्चच्या छपराचं काय झालं, एवढं बोलणं चालायचं. "चाळीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं," त्या म्हणाल्या. "निदान मला तसं वाटायचं."

दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात त्यांना कठड्यावर चहाचे डाग दिसायला लागले. आधी एखादा थेंब. मग बशीएवढं थारोळं. मग एकदा कप फुटलेला. त्या फडक्याने कठडा पुसून परत यायच्या. पण एकोणीस वर्षं शिलाई खात्यात काढलेल्या बाईला दुसऱ्याचे हात वाचता येतात. एक दिवस चहा ठेवून त्यांनी टकटक केली आणि परत फिरल्या नाहीत. दार ढकलून आत गेल्या.

सिरिल स्टुलावर बसले होते. समोर इंजिन. ते एका बोल्टवर नट चढवायला बघत होते. नट सुटत होता, टणटण करत फरशीवर जात होता. फरशीवर असे दहाबारा नट पडलेले. म्हणजे सकाळपासून हेच चाललेलं.

ते वर न बघता म्हणाले, "चुंबक दे ना जरा, मेव. त्या फळीवर आहे." सात वर्षांनी बायको आत आली होती, त्याचं काही नाही.

मेविसबाईंनी चुंबक दिलं नाही. खाली वाकून एक नट उचलला. "कुठे लावायचा सांग."

"तुझे हात खराब होतील."

"कुठे लावायचा ते सांग, सिरिल."

सिरिलनी दाखवलं. मेविसबाईंनी लावला. मग दुसरा. चहा बाहेर गार झाला. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं, तेव्हा दोघांनाही ते कळून चुकलेलंच होतं.

तरी गाडीशी त्यांची दिलजमाई व्हायला आणखी काही दिवस गेले. ती झाली सीटांवरून. सिरिलनी एकदा कौतुकाने म्हटलं, "बघ मेव, ही फाटकी कव्हरं कदाचित तूच शिवलेली असशील."

मेविसबाईंनी चष्मा लावला, गोट उलटा करून बघितला, आणि तोंड वाकडं केलं. "ही माझी शिलाई नाही. ही डोरिनची. कोपऱ्यावर आली की ती घाई करायची. मी तिला हजारदा सांगितलं होतं, कोपऱ्यावर थांब. बघ आता, इथूनच उसवलंय."

"चाळीस वर्षांनी उसवलंय, मेव. त्यात निम्मी वर्षं कोंबड्या बसल्यात."

"माझं उसवलं नसतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कव्हरं सोलून काढली. टपरीतलं टेबल परत गॅरेजमध्ये आलं. फुगलेल्या फळीवर सिरिलनी नवीन प्लायवूड ठोकून घेतलं, म्हणजे ते सांगत होते आणि मेविसबाई ठोकत होत्या.

पुढची चार वर्षं असंच चाललं. सिरिल स्टुलावर, अंगावर घोंगडी, आणि मेविसबाई त्यांचा जुना डगला घालून गाडीत, गाडीवर, गाडीखाली.

"अर्धा फेरा उजवीकडे. अर्धा म्हटलं मी. पाव नाही."

"तुझा अर्धा केवढा ते मला काय माहीत?"

"अर्धा म्हणजे अर्धा. घड्याळ कळतं ना?"

"घड्याळ कळतं. नवरा कळत नाही."

कार्ब्युरेटर त्यांनी तीनदा उघडला आणि तीनदा लावला. रंग मात्र गावातल्या एकाकडून करून घेतला. त्या म्हणायच्या, रंग कुणीही देतो, आतलं काम आपलं.

इथवर सांगून मेविसबाईंनी बिस्किटं झाकून ठेवली. मला वाटलं दमल्या. मी कॉम्प्युटर मिटायला लागले, तर म्हणाल्या, "थांब. आता सुरू केलंय तर सांगते."

सदुसष्ट साली, लग्नानंतर तीन वर्षांनी, त्यांना मुलगी झाली होती. जन्मतःच गेलेली. नर्सने दुपट्यात गुंडाळून लगेच बाहेर नेली. आईला दाखवायचं नाही, म्हणजे ती लवकर विसरते, अशी तेव्हाची रीत. सगळे म्हणाले, दुसरं होईल. झालं नाही. घरात तो विषय कधी निघाला नाही. मुलगी कुठे नेली, कुणी पुरली, काहीच कळलं नाही, आणि मेविसबाईंनी विचारलंही नाही.

"मग एक दिवस मी गाडीखाली होते," त्या म्हणाल्या. "सायलेन्सरच्या पाइपचे बोल्ट आवळत होते. बाजूला मला फक्त त्याचे बूट दिसत होते. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. म्हटलं, सिरिल, तिला कुठे नेलं रे?"

बूट हलले नाहीत. मग सिरिल म्हणाले, "टेकडीवरच्या दफनभूमीत. ऑक्सफर्डच्या पलीकडे. झुडपांच्या कुंपणाच्या कडेला."

"तुला कसं माहीत?"

"हॉस्पिटलमध्ये म्हणाले, आम्ही सगळं बघतो, तुम्ही सही करा. मी सही केली. तिसऱ्या दिवशी परत गेलो. तिथला एक हमाल बाहेर सिगारेट ओढत उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, अशा बाळांना एकटं पुरत नाहीत. त्या दिवशी गेलेल्या कुणातरी मोठ्या माणसाच्या शवपेटीत ठेवतात. तिला एका म्हाताऱ्या बाईच्या कुशीत ठेवली. ॲग्नेस टरिल. शहाऐंशी वर्षांची होती. तिचा दगड आहे तिथे."

"आणि तू तिथे गेलास?"

"दर एप्रिलला जातो."

"कधी? मला कसं नाही कळलं?"

"मासे धरायला जायचो ना मी, एप्रिलच्या पहिल्या रविवारी. सायकलवरून."

मेविसबाई गाडीखाली पडून हिशोब करत राहिल्या. चाळीस वर्षं नवरा गळ घेऊन जात होता आणि रिकाम्या हाताने येत होता. आणि त्या दर वेळी शेजारच्या बायकांना हसत सांगायच्या, आमच्या सिरिलला मासे ओळखतात, बघून पळतात.

"सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू विसरलीस. सगळे म्हणत होते विसरेल. म्हटलं, खपली कशाला काढा."

"मी विसरले?"

"तू कधी विचारलं नाहीस, मेव."

माझ्यासमोर मेविसबाईंनी चहाचा कप बशीत फिरवला. "मी गाडीखाली होते म्हणून बरं झालं. वर असते तर काय केलं असतं माहीत नाही. एक तर मारलं असतं त्याला, नाहीतर... काय माहीत. रडून झाल्यावर म्हटलं, अर्ध्या इंचाचा पाना दे. त्याने हात खाली केला. पाना थरथरत होता. मी पाना घेतला नाही, हातच धरला. बराच वेळ धरला. शेवटी तो म्हणाला, कंबर धरली माझी, सोड आता."

पुढचा एप्रिल येईपर्यंत सिरिलना सायकल मारता येईनाशी झाली. बस दोनदा बदलावी लागते, आणि दुसऱ्या थांब्यापासून चढ. तेव्हा मेविसबाईंनी ठरवलं, गाडी चालवायला शिकायचं. सहासष्टाव्या वर्षी. शिकवणारा मनुष्य आधी नम्रपणे म्हणाला की ऑटोमॅटिक गाडीवर शिका, सोपं जाईल. त्या म्हणाल्या, मी गिअरबॉक्स उघडून लावलाय, आता तो वापरायला मला भीती वाटेल होय? तरी परीक्षेत तीनदा नापास झाल्या. दोनदा गोल चौकात, एकदा परीक्षकाशी वाद घातला म्हणून. चौथ्यांदा पास झाल्या तेव्हा सिरिलनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मला आठवतं, आमच्या दारात काठी टेकून उभे होते, बोलणं तेव्हा अस्पष्ट झालेलं, पण चेहरा असा, जणू पोरगी डॉक्टर झाली.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये हिरवी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली, टप खाली करून. सिरिल घोंगडीत गुंडाळलेले, डोक्यावर टोपी, मांडीवर डॅफोडिलची जुडी. मी खिडकीतून बघितलं होतं. मला वाटलं, फिरायला चाललेत. गेटमधून बाहेर काढताना गाडी दोनदा बंद पडली, आणि सिरिल काहीतरी म्हणाले, आणि मेविसबाईंनी त्यांना कोपर मारलं.

टेकडीवर ॲग्नेस टरिलच्या दगडापाशी गवत होतं, कुंपणाच्या झुडपांना पांढरी फुलं आलेली. मेविसबाईंनी सिरिलना विचारलं, "इतकी वर्षं तू इथे येऊन काय करायचास?"

"काही नाही. ॲग्नेसबाईंना फुलं द्यायचो. सांभाळतायत म्हणून."

सिरिल त्यानंतर आणखी दोन एप्रिल पाहून गेले. मेविसबाई पुढे सात वर्षं एकट्या गाडी चालवत राहिल्या. बाजार, चर्च, वर टेकडी. पावसात टप गळायचा तेव्हा मांडीवर टॉवेल घेऊन.

जाहिरात त्यांनी सांगितली तशीच मी टाकली. पहिल्या आठवड्यात चौघं आले. एक व्यापारी होता, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मेविसबाईंना "आज्जी" म्हणून हाक मारली. त्याला चहा मिळाला नाही. एकाला लाल रंग हवा होता. मेविसबाई म्हणाल्या, "मग लाल गाडी बघा."

पाचवे हेरफर्डहून आले, रोलंड प्रॉसर. सर्वेअर होते, नुकतेच निवृत्त झालेले. गाडी पाहताच लहान मुलासारखे गुडघ्यांवर बसले आणि खाली डोकं घालून बघायला लागले. प्रश्न नेमके विचारले. मेविसबाईंना माणूस आवडला, हे मला दिसत होतं. पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे. बाहेर प्रॉसरांच्या गाडीत एक बाई काच वर करून शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"मालकीणबाई आत का येत नाहीत?"

प्रॉसर जरा ओशाळले. "जिलियनला यात रस नाही. ती म्हणते, हे तुझं खूळ, तुझं तू बघ."

"गॅरेजमध्ये काय आहे तुमच्या सध्या?"

"तिची मातीची भांडी. भट्टी आहे. ती हलवीन मी कुठेतरी."

मेविसबाईंनी काठी घेतली. मला म्हणाल्या, "चहा ओत एक." आणि स्वतः कप घेऊन, निम्मा सांडत, फाटकाबाहेर गेल्या. मी मागून बिस्किटं घेऊन. त्यांनी काचेवर टकटक केली. जिलियनबाईंनी काच खाली केली.

"मी काही तुम्हाला गाडी आवडून घ्या असं सांगायला आले नाही," मेविसबाई म्हणाल्या. "पण तो तुमची भट्टी हलवणार आहे. तुम्हाला विचारलंय का?"

जिलियनबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "नाही."

"वाटलंच मला. मग आत या आणि आधी ते भांडून घ्या. माझ्या स्वयंपाकघरात भांडा, मी बागेत बसते. पण घरी जाऊन गप्प बसू नका. मी बसले सात वर्षं. त्यात काही मजा नाही."

त्या दोघांनी स्वयंपाकघरात वीसेक मिनिटं काढली. आम्ही बीन्सच्या काठ्यांपाशी बसलो. आवाज एकदा चढला, मग उतरला. बाहेर आल्या त्या जिलियनबाई एकट्याच. "तो म्हणतो, मागच्या अंगणात गाडीला शेड बांधतो. भट्टी आहे तिथेच राहील." मग गाडीकडे बघत म्हणाल्या, "ही चालवायला अवघड आहे का?"

"गोल चौकात सांभाळा," मेविसबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

किल्ली त्यांनी जिलियनबाईंच्या हातात दिली. प्रॉसर शेजारच्या सीटवर बसले. दोघं नदीपर्यंत जाऊन आले. येताना जिलियनबाईंचे केस पार विसकटले होते आणि त्या नवऱ्याला सांगत होत्या, "मला माहितेय दुसरा गिअर कुठे आहे, रोलंड."

कागदपत्रांबरोबर मेविसबाईंनी एक तेलकट वही दिली. त्यात गाडीचं सगळं काम लिहिलेलं होतं, तारखेनिशी. जिलियनबाईंनी पानं चाळली. सुरुवातीचं अक्षर बारीक, सरळ. मग ते वाकडंतिकडं होत गेलं, ओळी खाली घसरायला लागल्या, आणि एका पानावर अर्ध्या वाक्यातच दुसरं, गोल अक्षर सुरू झालं.

"ही तुम्ही ठेवा ना," जिलियनबाई म्हणाल्या.

"नको. आजाऱ्याबरोबर त्याचे कागद जातात. तुम्हाला लागेल ती. पुढची पानं कोरी आहेत, लिहीत जा दोघांनी."

पुढे हिरवी गाडी आणि मागे प्रॉसरांची स्वतःची, अशा दोन्ही गाड्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मेविसबाई फाटकापाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "दार आपटलं नाही नीट त्याने. हेरफर्डपर्यंत खडखडत जाईल." आणि आत जाऊन झोपल्या. दुपारी कधी झोपत नाहीत.

सप्टेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. गाडीच्या पैशातून त्यांनी टेकडीवर ॲग्नेस टरिलच्या दगडाच्या पायथ्याशी एक लहानसा दगड बसवून घेतला. ॲग्नेसबाईंचं कुणी उरलं नव्हतं, दफनभूमीच्या कार्यालयाने परवानगी दिली. दगडावर एवढंच आहे: मेविस आणि सिरिल हॉब्ली यांची मुलगी, एप्रिल १९६७.

या एप्रिलमध्ये मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. त्या आता एका काठीवर चालतात. त्यांनी डॅफोडिलच्या दोन जुड्या आणल्या होत्या, एक ॲग्नेसबाईंना. मी दगड वाचला आणि विचारलं, "नाव नाही ठेवलंत तिला?"

"विचार केला मी," त्या म्हणाल्या. "पण बावन्न वर्षांची झाली आता ती, तुझ्याएवढी. या वयात मी तिचं नाव काय ठेवणार? तिला पसंत पडायला नको?"

मग त्यांनी गवतावर रुमाल अंथरला, माझा दंड धरून हळूच खाली बसल्या, आणि मला म्हणाल्या, "बस ग जरा. घाई नाही ना तुला?"